आलास तर

सकाळी आठच्या तासाला सातजण.
न्यू बेडफर्डच्या धक्क्याकडचा वारा
खिडकीच्या फटीतून वर्गात शिरतो, त्याला मासळीचा वास;
तेवढ्यापुरतं हे गाव माझ्या ओळखीचं.

फळ्यावर लिहितो: क्वांदु व्हियेरश.
येशील तेव्हा.
जे अजून घडलं नाही
आणि घडेलच असंही नाही
त्याच्यासाठी, सांगतो, या भाषेत क्रियापदाचं वेगळं रूप आहे.
शेजारच्या भाषेनं ते कधीच माळ्यावर टाकलं.
हिच्या चुलीवर ते पातेलं अजून रोज चढतं.

ट्रॅव्हिस मेडेरॉस हात वर करतो.
मासळीच्या कारखान्यात रात्रपाळी करून थेट इथे,
बाहीवर खवले.
तुमच्या भाषेत हे कसं म्हणतात, सर?

कुठल्या, ते आधी ठरवायला हवं.
कोरलईच्या गडाखाली आम्ही जिला नुसतं
आमची भाषा म्हणायचो, ती?
फिरंगी गेले, तोफा राहिल्या,
आणि आमच्या तोंडात ही राहिली;
शब्दांचे शेवटचे स्वर झिजलेले
जुन्या नाण्यावरच्या राजाच्या नाकासारखे,
आणि क्रियापद मराठीनं ओढत नेऊन
वाक्याच्या टोकाला बसवलेलं,
सगळी पंगत उठल्यावर पान मांडून घेणाऱ्या बाईसारखं.

लिस्बनला पहिल्या दिवशी मी तोंड उघडलं
तेव्हा बाईंनी पेन खाली ठेवलं.
रागावल्या नाहीत. किती गोड, म्हणाल्या.
रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.
त्यानंतर सहा वर्षं मी रोज आरशासमोर
एकेक स्वर जागच्या जागी बसवत गेलो.

म्हणून असेल,
ट्रॅव्हिसच्या निबंधात परवा अकरा लाल खुणा केल्या.
शेवटची अक्षरं खाल्लेली सगळी.
माझी वावो असंच बोलते, तो म्हणाला. असोर्सची आहे ती.
वावो परीक्षेला बसणार नाही, मी म्हणालो.
वर्ग हसला.
मीही हसलो, ते घरी गेल्यावर आठवलं.

घरी म्हणजे तिसऱ्या मजल्यावरची भाड्याची खोली,
टेबलावर एका मोझांबिकी बाईच्या वह्यांच्या छायाप्रती.
कविता डाव्या पानावर, उजव्या पानावर धोब्याचा हिशेब.
चार वर्षं मी डाव्या पानांवर टिपा लिहितोय.
उजव्या पानावर साबण आहे,
त्याला शब्दकोश लागत नाही.

वर डीनचं पत्र:
पुढच्या सत्राला दहाजण झाले तर पोर्तुगीज चालू राहील.
माझा करारही, असं लिहिलेलं नाही. पण कळतं.

आईचा फोन. मराठीत.
आमच्या भाषेत बोल की, म्हटलं.
अरे, घरात समोर माणूस नसला की ती जिभेवर येत नाही, म्हणाली.
आणि नाताळला आलास तर आधी कळव,
सुके बोंबील आणून ठेवते.

तेच मग मी वर्गात सांगितलं.
आमच्यात न घडलेल्याला भूतकाळ लावतात.
आलास तर.
येण्याचा पत्ता नाही, तरी आधी आलास म्हणायचं.

ट्रॅव्हिस थोडा वेळ पेन चावत बसला.
म्हणजे माणसाला आधी घरात आणून बसवता, म्हणाला,
आणि मग शंका काढता.

बावीस वर्षं व्याकरण शिकवतोय.
हे मला सुचलं नव्हतं.

तास संपल्यावर तो मागे रेंगाळला.
वावो विचारत होती, वयाची अट आहे का?
एक्क्याऐंशीची आहे. तिला बघायचंय
तिचं नक्की काय चुकतं ते.

म्हणजे आठ.

आली तर, मी पुटपुटलो, मराठीत,
आणि खिडकीपासून लांब, जिथं वारा लागत नाही,
तिथली खुर्ची फडक्यानं पुसायला घेतली.